मास्टर बाथ: कोपऱ्यातला टब काढायचा का?

शॉमबर्गहून

नमस्कार शिकागोकर मंडळी,

गणपतीच्या मेलच्या गर्दीत घरगुती प्रश्न घुसवतेय, सांभाळून घ्या. आमचं घर १९९४ चं. वरच्या मजल्यावरच्या मास्टर बाथमध्ये खिडकीखाली पाच बाय पाचचा जकुझी ओट्यावर चढवून बसवलाय. त्यात सध्या धुवायचे टॉवेल राहतात. आणि रोजची आंघोळ मात्र शेजारच्या तीन बाय तीनच्या फायबरग्लासच्या डब्यात, जिथे साबण पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं.

टब काढून मोठा शॉवर करायचं नक्की झालंय. घोडं अडलंय पुढे. सासूबाई दर उन्हाळ्यात येतात, त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे शॉवरला उंबरा नकोच असं मला वाटतं. ह्यांना कमोड खिडकीच्या बाजूला हलवायचाय आणि सगळीकडे पांढरा मार्बल हवाय. कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक गोष्टीला "नो प्रॉब्लेम" म्हणतो, त्याचीच जास्त भीती वाटते. कोणी नुकतं केलं असेल तर सांगा.

~

नेपरव्हिलहून

वहिनी,

कमोड आहे तिथेच राहू द्या. त्याचा पाइप ३ इंची. वरच्या मजल्यावर तो हलवायचा म्हणजे जॉइस्टच्या, म्हणजे जमिनीखालच्या तुळयांच्या, आडवं जायचं, खालच्या खोलीचं सीलिंग फोडायचं, व्हेंट, म्हणजे हवेचा पाइप, पुन्हा जोडायचा. एवढे पैसे घालून मिळणार काय, तर खिडकीतून दिसणारा शेजाऱ्यांचा ड्राइव्हवे! कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत बांधकामाच्या कोडला (नियमांना) १५ इंच लागतात, १८ असले तर माणूस मोकळा बसतो. तेवढे आहेत का ते मात्र मोजा.

शॉवर टबच्या जागी नेऊ नका, जुन्या शॉवरपासून टबच्या दिशेने वाढवा. म्हणजे नळ आतल्या भिंतीवर राहतील. बाहेरच्या भिंतीत पाण्याचे पाइप घातले की इथल्या जानेवारीत गोठतात. खिडकी शॉवरच्या आत येणार असेल आणि काच उभ्या माणसाच्या पायापासून ६० इंचांच्या आत सुरू होत असेल, तर ती टेम्पर्ड (कडक केलेली, सुरक्षित) काच लागेल. टबचं ड्रेन बहुतेक दीड इंची असतं, शॉवरला २ इंची घाला.

आता उंबरा. फरशीला ड्रेनकडे दर फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे पाच फुटांत सव्वा इंच, वर सिमेंटची गादी आणि टाइल. उंबरा नको असेल तर हे सगळं जमिनीत खाली बसवावं लागतं. तुमच्याकडे आय-जॉइस्ट (इंग्रजी I च्या आकाराच्या लाकडी तुळया) असतील तर त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत लावायची नाही म्हणजे नाही. "नो प्रॉब्लेम" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की जॉइस्टचं काय करणार. उत्तर चाचरत आलं तर दोन इंचांचा बुटका उंबरा ठेवा आणि आधाराला दांडी लावा. दांडी टाइलवर स्क्रूने ठोकून भागत नाही, भिंत उघडी असतानाच आत दोन बाय दहा इंची फळी आडवी घालून घ्या, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. दांडी आज नको असली तरी फळी घालाच.

टाइलमागचा सिमेंट बोर्ड पाण्याने कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही. त्यावर मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, हवंच. टाइल लागण्याआधी ड्रेन बंद करून शॉवरच्या तळात पाणी भरून २४ तास ठेवायला सांगा आणि खालचं सीलिंग स्वतः बघा. आणि फॅनची हवा थेट घराबाहेर जायला हवी. अ‍ॅटिकमध्ये सोडली तर हिवाळ्यात छताच्या फळ्यांना आतून बर्फ धरतो, मार्चमध्ये तो वितळून सीलिंगवर डाग पडले की सगळे छत गळतंय म्हणून रूफरला बोलावतात.

~

ऑरोराहून

अगं, पाइपांचं भावजींनी सांगितलं, मी आंघोळीचं सांगते. सासूबाई बादली-तांब्याने आंघोळ करतात की शॉवरखाली? हा प्रश्न इथे कुठलाच डिझायनर विचारत नाही आणि मग बायका चाळीस हजार डॉलर घालून हँडशॉवर धरून बादली भरत बसतात. नवे शॉवर मिनिटाला दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर पाणी देतात. वीस लिटरच्या बादलीला अडीच मिनिटांच्या वर! खाली एक वेगळा नळ काढून घे, बादली आत मावेल एवढ्या उंचीवर. प्लंबर टबची तोटी लावून देतो म्हणाला तर वॉल्व्हपासून तोटीपर्यंत अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप घालायला सांग. पेक्स, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप, आतून अरुंद असतो, पाणी तुंबून वरच्या शॉवरमधूनही ठिबकायला लागतं, आणि बादली भरताना डोकं भिजतं. बसायला बाक हवा, पण कोपऱ्यातला तिकोनी शोभेचा नको, मांडी नीट टेकेल असा.

मार्बलचा नाद सोड. लिंबाचा थेंब पडला की पॉलिश जातं, आणि दिवाळीच्या उटण्यातली हळद त्यात मुरली की पुढच्या दिवाळीपर्यंत भेटते. मार्बलसारखी दिसणारी पोर्सेलीन टाइल घे. भिंतीला हवी तेवढी मोठी आणि गुळगुळीत घे, पण शॉवरच्या जमिनीला दोन-दोन इंचांचे मॅट तुकडे. सांधे जास्त म्हणून पाय धरतो, आणि अभ्यंगाच्या दिवशी तेलकट जमिनीवर तेच कामाला येतात. ग्राउट, म्हणजे सांध्यांतला भराव, मात्र इपॉक्सी आणि करडं. पांढरं ग्राउट कॅटलॉगमध्येच पांढरं राहतं.

कमोडशेजारी जीएफसीआय (शॉक बसायच्या आत वीज तोडणारा) प्लग काढून ठेव, बिडेची (पाण्याने धुणारी) सीट आज ना उद्या येणारच. काळे मॅट नळ दिसतात झकास, पण प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका उमटतो. ज्याला ते हवेत त्याच्या हातात फडकं दे.

आणि खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, हे विसरू नकोस. हिवाळ्यात न्हाऊन झालं की ड्रेनमध्ये बादलीभर कढत पाणी ओतायचं, जाळीतले केस काढायचे. बाथरूम कितीही महागाचं असलं तरी हे चुकत नाही.

~

शॉमबर्गहून

भावजी, काकू, दोघांचे मनापासून आभार. कॉन्ट्रॅक्टरला जॉइस्टचं विचारलं. "बघून सांगतो" म्हणाला, म्हणजे बुटका उंबरा. कमोड हलत नाही हे ह्यांनी सीलिंगच्या खर्चाचा आकडा ऐकल्यावर स्वतःच जाहीर केलं. परमिटचा अर्ज सोमवारी व्हिलेजच्या (इथल्या नगरपालिकेच्या) ऑफिसात देतेय.

मार्बलवर मात्र अजून तह झालेला नाही. दुकानातून मार्बलचा आणि पोर्सेलीनचा एकेक तुकडा आणलाय. शनिवारच्या मीटिंगला घेऊन येते. काकू, तुम्ही उटणं आणा, दोन्हींना लावून आरतीपर्यंत ठेवू आणि ह्यांच्या हातानेच पुसायला लावू.