पाढे पाठ असणं म्हणजे पोपटपंची?

खडूफळा: ‘शोधलं की सापडतं, मग पाठ कशाला? समजलं की पुरे’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. समजतं ते कशाच्या जोरावर? 5/12 + 3/8 घ्या. 24 हा सामाईक छेद पटकन सुचला तर 10/24 + 9/24, म्हणजे 19/24. पाढे येत नसतील तर मूल 12 आणि 8 च्या पटी मांडत बसतं आणि 24 हाती लागेपर्यंत तो कशाला हवा होता हेच विसरतं. डोक्यात एका वेळी नव्या चारेक गोष्टीच धरता येतात हो.

निवांत: वा, म्हणजे घोका! घडाघडा पाढे म्हणणाऱ्याला ‘सात आठे?’ विचारा, तो ‘सात एके सात’पासून सुरू करतो. हे ज्ञान की गाणं?

खडूफळा: गाणंच. म्हणून उलटसुलट विचारायचं: 56 मध्ये 7 किती वेळा? 7 ला कितीने गुणलं की 56? खापर पाठांतरावर कशाला फोडता?

निवांत: आणि आधीचं ज्ञानच आडवं आलं तर? मुलं म्हणतात, 0.45 हे 0.5 पेक्षा मोठं, कारण 45 पाचाहून मोठे! 1/2 + 1/3 = 2/5! पूर्ण संख्यांचे नियम तिथेही लावतात. त्यापेक्षा कोरी पाटी परवडली.

मधलीसुट्टी: कोरी पाटी असते कुठे? शिकणाऱ्याला आधी काय येतं ते तपासा आणि मग शिकवा, हे मानसशास्त्रज्ञ आउसुबेल 1968 मध्येच सांगून गेला. नुसती फुली मारून भागत नाही. आधी अंदाज विचारा, मग शंभर घरांच्या जाळीत 45 आणि 50 घरं रंगवून घ्या. आणि 2/5 वर विचारा: अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी? इथे मूल स्वतःच अडखळतं.

रंगारी: ते राहू द्या, आधी हायलायटर बंद करा! पान पिवळं झालं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पुस्तक मिटा, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहा, राहिलेलं वेगळ्या शाईने भरा. एका दिवसाने पुन्हा, मग तीन, मग आठ.

निवांत: विषय काय, चाललंय काय! आणि परीक्षा तोंडावर असेल तर पुन्हा वाचणंच बरं.

रंगारी: पाच मिनिटांवर असेल तर! रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, 2006: पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

निवांत: जे कळलंच नाही ते आठवणार काय, कपाळ?

रंगारी: कागद कोरा राहतो तेव्हाच कळतं ना, काय कळलं नाही ते! पिवळ्या पानावर ते दिसत नाही.

निवांत: बरं बाबा, ठेवा तुमचे पाढे. पण उलटसुलट विचारूनच. आणि ते 0.45 आधी निस्तरा.