बीए इंग्लिश झालंय, नववी-दहावीला इंग्लिश शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

परभणी जिल्ह्यातली आहे. बीए इंग्लिश यंदा झालं. हायस्कूलला शिकवायचंय. बीएड आधी की टेट आधी, कोण काय सांगतं कोण काय, काहीच कळेना.

रिप्लाय १:
ताई आधी बीएडची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा दे, कोर्स २ वर्षांचा आहे आणि मेथड, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो, इंग्लिशच घे. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ती पहिली ते आठवीसाठी असते, त्यातला पेपर २ सहावी ते आठवीचा, तो पण देऊन ठेव कारण जागा तिथेही निघतात. भरती सरकारच्या पवित्र पोर्टल या वेबसाइटवरून होते आणि त्यासाठी टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी लागते, २०० प्रश्न १२० मिनिटं, म्हणजे स्पीडची प्रॅक्टिस आतापासूनच कर, गणित-बुद्धिमत्तेला घाबरून सोडून देऊ नको.

रिप्लाय २:
वरच्या सरांचं बरोबर. पगाराचं पण ऐक, लागल्यावर पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरलेलं मानधन, ते १८ हजार, घरी आधीच सांगून ठेव. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एमए पण लागतं.

रिप्लाय ३:
परीक्षेचं सगळं सांगितलंत पण वर्गाचं कुणी बोललंच नाही. मराठी माध्यमाच्या नववीत बरीच पोरं इंग्लिश वाचतात पण बोलायचं म्हटलं की गप्प होतात, त्यांना आधी व्याकरण नको, रोज दोन वाक्यं बोलायला लाव, चुकली तरी मध्येच थांबवू नको. बीएडच्या इंटर्नशिपला शाळेत मिळालेले तास नुसते पाठ टाचण (धड्याचं लेखी नियोजन) भरण्यात घालवू नको गं.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप थँक्यू सगळ्यांना, सीईटीच्या तयारीला लागते आता. इंटर्नशिपला झेडपीची शाळा मागून मिळते का?