शब्दचर्चा: बँजोच्या 'थिंबल'ला काय म्हणावं, अंगुस्तान की नखी?

नमस्कार मंडळी. मी रिचमंडला असतो, व्हर्जिनियात. दोन वर्षं झाली जुन्या पद्धतीचा बँजो (अमेरिकेतलं तंतुवाद्य) शिकतोय. जुन्या म्हणजे १८५० च्या आसपासच्या, ज्याच्या मानेवर सतारीसारखे पडदे नाहीत, तोंडाला खरं कातडं मढवलेलं, धातूच्या तारांऐवजी तात म्हणजे आतड्याची तार, आणि पाच तातींपैकी पाचवी आखूड, तिची खुंटी मानेच्या मध्यावरच. (आपल्याकडे गणपतीत बेंजो पार्टीत असतो तो हा नव्हे, ते बटणांचं वाद्य जपानच्या ताइशोगोतोवरून आलंय, नाव तेवढं सारखं.)

पुण्याला माझी भाची सतार शिकते, तिच्यासाठी धडे मराठीत लिहून काढतोय आणि एका शब्दावर आठ दिवस अडकलोय. १८५५ साली बोस्टनला ब्रिग्जचं बँजो शिकायचं पुस्तक निघालं, त्यात उजव्या हाताची फक्त दोन बोटं वापरायला सांगितलीत, अंगठा आणि पहिलं बोट. अंगठ्याचा मांसल भाग लागतो आणि बोटाची नखाची बाजू, म्हणजे बोट वरून खाली येतं आणि नखाची पाठ तातीवर आदळते. पण रोज तास-दोन तास असं केलं की नख टिकत नाही, म्हणून वाजवणारे पहिल्या बोटात धातूचं एक टोपण घालायचे, नखावर पत्रा येईल असं. त्याला म्हणतात थिंबल. मी सरळ 'अंगुस्तान' लिहून मोकळा झालो तर भाचीचा फोन, "मामा, शिंप्याचं अंगुस्तान? ते घालून वाजवणार कसं?" आता तुम्हीच सांगा.

*

प्रतिसाद: दादा, तुमच्या भाचीचं बरोबर आहे. माझे वडील इचलकरंजीला शिंपी होते, चाळीस वर्षं कोट शिवले. त्यांचं अंगुस्तान पितळेचं, वरून उघडं, म्हणजे बोटाचा शेंडा आणि नख दोन्ही मोकळं राहायचं. सुई टोचू नये म्हणून ते घालतात असं लोकांना वाटतं पण वडील त्याच्या कडेनं सुई ढकलायचे, त्यासाठी त्याला बाहेरून बारीक खड्डे असतात, सुईचं बूड त्यात अडकतं नि निसटत नाही. तुम्ही सांगताय त्यात तर नखच झाकायचंय आणि त्यानंच मारायचंय. नाव इंग्रजीत एक असलं तरी काम उलटं आहे. मी तरी अंगुस्तान म्हणणार नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं सुई-दोराच येणार.

*

प्रतिसाद: नखी म्हणा की! सतार छेडायला बोटात तारेचं जे घालतात त्याला आपण नखीच म्हणतो, मिजराब हा शब्द हिंदी मैफिलींतून जास्त ऐकू येतो पण माझ्या गुरुजींच्या तोंडी कायम नखी. "नखी घातलीस का, नखी सैल झालीय, नखी आवळ." आणि सरोदला जवा, तो नारळाच्या करवंटीचा, बोटात घालत नाहीत, चिमटीत धरतात. तेव्हा बोटात घालायची ती नखी, धरायचा तो जवा, असा साधा फरक डोक्यात ठेवला तर गिटारचं पिकसुद्धा जव्याच्याच कुळातलं. फक्त एक शंका, नखी म्हटलं की भाचीला तारेची, पुढं त्रिकोण असलेली नखी दिसेल, पत्र्याची नाही. तेवढं एका वाक्यात सांगावं लागेल.

*

प्रतिसाद: शब्दांच्या मुळाबद्दल थोडं, कारण हे सगळे शब्द एकमेकांजवळ राहतात. अंगुस्तान फारसीतून आलं, अंगुश्त म्हणजे बोट, आणि आपल्या संस्कृत 'अंगुष्ठ'शी त्याचं सख्खं नातं, फक्त आपल्याकडे अर्थ अंगठ्यापुरता राहिला. म्हणजे अंगुस्तान हा शब्द बोटाबद्दल बोलतो, बोट काय करतंय याबद्दल काही नाही. मिजराब अरबी, मारणं या अर्थाच्या धातूपासून, मारायचं साधन. मराठीतली 'जरब' त्याच घरातली, मूळ अर्थ प्रहार, पुढं धाक. आणि संस्कृतात वीणा वाजवायच्या साधनाला 'कोण' म्हणायचे, अमरकोशात आहे, पण आज कोण म्हटलं तर लोक भूमितीतच जाणार म्हणून तो सोडून द्या.

नखी या तिघांहून वेगळा. तो ना बोटाबद्दल ना माराबद्दल, तो नखाबद्दल आहे. तुमच्या वाद्यात पत्रा नखाच्या जागी नख म्हणूनच बसतो, तेव्हा मला तरी हाच शब्द नेमका वाटतो.

*

मूळ धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमच्या वडिलांच्या अंगुस्तानाचं वर्णन वाचून माझा हट्ट गेला. नख म्हणूनच बसतो हे अगदी खरं, आणि ते मला कसं कळलं ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात इथे एका छोट्या कार्यक्रमात वीस मिनिटं नुसत्या नखानं वाजवलं, थंडीनं नख कोरडं पडलेलं, मधेच कडेनं चिरलं ते थेट जिव्हाळीपर्यंत. तातीवर रक्ताचा ठिपका, आणि पुढचे तीन आठवडे वाजवणं बंद. त्यानंतर पितळेच्या पत्र्याची एक नखी बनवून घेतली. पहिल्या दिवशी आवाज ऐकून दचकलोच, नखाचा आवाज गोल, मातीच्या मडक्यावर टकटक केल्यासारखा, पत्र्याचा एकदम पुढं येणारा. तेव्हाच्या नाट्यगृहात माईक नव्हते, शेजारी फिडल म्हणजे व्हायोलिन, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या, १८४३ ला न्यूयॉर्कात चार जणांचा असा पहिला ताफा उभा राहिला, त्या गलक्यात बँजो ऐकू जायचा तर पत्रा हवाच. (ते चौघे गोरे, तोंडाला काळं फासून गुलाम काळ्या माणसांची नक्कल करायचे, आणि वाद्य त्या काळ्या माणसांचंच. हे मी भाचीच्या धड्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, ते गाळून हे वाद्य शिकवता येत नाही. सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं अकोंटिंग आहे, त्यातही बोटाचं नख असंच वरून खाली मारतात आणि अंगठा आखूड तातीवर. पत्रा नंतर आला, नख आधीचं.)

एक अडचण मात्र राहतेच. आज ब्लूग्रासवाले (ब्लूग्रास हा अमेरिकेतला एक संगीतप्रकार) बँजो वाजवताना बोटात जे पिक घालतात तेही बोटातच घालायचं, मग तीही नखीच का? पण त्यांचा पत्रा बोटाच्या पोटाकडून असतो आणि बोट आत ओढतात. माझा नखाकडून आणि बोट बाहेर.

*

प्रतिसाद (सतारवाली): अहो मग तुमच्या भाचीला हे एका शब्दात कळेल! सतारीवर बोट आत, तळहाताकडे ओढलं की 'दा', बाहेर गेलं की 'रा'. आमची एकच नखी दोन्हीकडून वाजते. तुमचा जुना बँजो म्हणजे बोटाला नुसता 'रा', ब्लूग्रासवाले नुसता 'दा'. दोन्ही नखीच म्हणा पण एक 'रा'ची आणि एक 'दा'ची, आमच्या क्लासमध्ये कुणालाही सांगितलं तरी लगेच हात हलवून दाखवेल.

*

प्रतिसाद: आणि नुसत्या बोटानं वाजवतात त्याला? 'बोटाचं टोक' फार कोरडं वाटतं.

*

मूळ धागाकर्ता: ती पद्धत पुढची. १८६५ च्या कॉन्व्हर्सच्या बँजो शिकायच्या पुस्तकात जुना मारही आहे आणि गिटारसारखं बोटांनी छेडणंही, आणि पुढं दिवाणखान्यात वाजवणाऱ्यांनी तर नखं कापूनच टाकली, नुसतं मांस तातीला लागायचं. मी तिथं 'बोटाचं पोट' लिहिलंय. तंबोऱ्याला लावतो तसं, एवढं म्हटलं की झालं. आणि क्रियापद मुद्दाम वेगळं ठेवलंय, बोटाच्या पोटानं तात *छेडायची*, नखीनं *मारायची*. 'टिचकी' पण सुचली होती पण टिचकीत अंगठा बोटाला अडवून धरतो, इथं अंगठा आधीच आखूड तातीवर वाट बघत बसलेला असतो.

*

प्रतिसाद (सतारवाली): ती आखूड तात... मानेच्या मध्यावर खुंटी, कायम मोकळी वाजते, सूर सगळ्यात वरचा?

*

मूळ धागाकर्ता: हो, डावं बोट तिला कधीच लागत नाही.

*

प्रतिसाद (सतारवाली): अहो मग ती चिकारी! आमच्याही चिकारीच्या खुंट्या दांडीच्या कडेला मधेच असतात. फक्त आम्ही ती नखीनं वाजवतो, तुम्ही अंगठ्यानं.

*

मूळ धागाकर्ता: चिकारी! दोन वर्षं 'पाचवी तात पाचवी तात' करत बसलोय. आत्ताच्या आत्ता धडा बदलतो.