बोलणारी गाडी हा पोरखेळ नाही

तारजोड्या, मिरज
काल इथे एकाने लिहिलं, "घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गाडीला बोलायला लावणं म्हणजे पोरखेळ. एक बझर, एक लाल दिवा पुरे." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी जुनी मारुती ८००. इंजिन काढून मोटर बसवली, २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल. पावसाळ्यात गाडी चालू ठेवून फाटक उघडायला उतरलो. आवाज शून्य, त्यामुळे वडिलांना वाटलं बंद आहे. ते सहज आत बसले, पाय अॅक्सिलरेटरवर पडला आणि गाडी तुळशीवृंदावनावर. मी दोन पावलांवर उभा होतो. आता कंट्रोलर (मोटरला वीज देणारा डबा) चालू असताना दार उघडलं की गाडी सांगते, "गाडी चालू आहे." आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), डीएफप्लेअर (आवाज वाजवणारं मॉड्यूल), मेमरी कार्ड आणि ३ वॅटचा स्पीकर, एवढंच लागलं. पाच कारणांना पाच तऱ्हेचे पीप लावले तर कुठला कशाचा, हे वडिलांच्या लक्षात राहील का?

निवृत्त फोरमन
वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. पण तुमचा उपायच चुकीचा आहे. दार उघडलं की कंट्रोलरचा इनेबल, म्हणजे मोटर चालू ठेवणारा सिग्नल, तुटेल असा मायक्रोस्विच (दाराच्या दाबावर चालणारं छोटं बटण) लावा. गाडी हलताच कामा नये, मग बोलायचं कशाला? १९८१ च्या डॅटसन मॅक्झिमात छोट्या तबकडीवरून बाई सांगायची की दिवे बंद करा. १९८३ पासून क्रायस्लरच्या गाड्या "दार उघडं आहे" म्हणू लागल्या. आज कुठे आहेत त्या?

घाटकरी
भाच्याच्या गाडीतून खंबाटकी चढत होतो. "बॅटरी संपत आली" तीनदा! बायको घाबरून रडायला लागली. वर पोचलो तर व्होल्टेज पुन्हा जागेवर. अशी खोटी ओरड दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा खरी असली तरी कोण लक्ष देतं?

तारजोड्या, मिरज
तो दोष आवाजाचा नाही, भाच्याच्या जोडणीचा आहे. चढावर करंट वाढला की व्होल्टेज खाली बसतंच. त्यात एलएफपी सेल बराच वेळ ३.२–३.३ व्होल्टवर असतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून टक्केवारी काढायचीच नसते. शंट (करंट मोजायची पट्टी) बसवा, बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजा.

सदाशिवपेठी
माझा प्रश्न वेगळा आहे. हल्ली सगळ्या यंत्रांतली बाई "बॅटरी अतितप्त झाली आहे" असलं का बोलते? अतितप्त कोण म्हणतं घरात?

मराठवाड्याचा
मग काय, तुमच्या पेठेतलं बोलायचं? आमच्याकडं "बॅटरी लई तापलीय, गाडी उभी करा" म्हणलं की पोरगंबी ब्रेक दाबतंय.

सदाशिवपेठी
पेठेचा संबंध काय? मीही "तापली" च्याच बाजूचा आहे!

वर्गातल्या बाई
दोघांनाही विचारते, दरवेळी बाईचाच आवाज का? वीस वर्षं वर्गात ओरडले, घरी येऊन गाडीतही मीच ओरडायचं? नवऱ्याने माझा आवाज भरायला मागितला, मी साफ नाही म्हटलं. स्वतःचा भर म्हटलं.

निवृत्त फोरमन
भाषेवरून भांडताय आणि मूळ गोष्ट राहिली. परवानगी घेतली आहे का? पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायची तर किट एआयएस १२३ (अशा किटसाठीचं सरकारी मानक) प्रमाणे मंजूर हवं आणि आरटीओच्या कागदावर नोंद हवी. आरसीवर अजून पेट्रोलच असेल तर विमावाले हात वर करतील.

तारजोड्या, मिरज
गाडी शेताच्या बांधापलीकडे जात नाही, हे मागच्या धाग्यात लिहिलं होतं. कागदांचा मुद्दा काढून माझा प्रश्न उडवू नका. ७१ वर्षांच्या माणसाला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही डॅशवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. त्याला कळणार कसं?

निवृत्त फोरमन
ठीक आहे. वडिलांसाठी आवाज ठेवा, पण मायक्रोस्विच आधी. आणि सूचना तीनच ठेवा. चौथी आली की ते बंद करायला सांगतील.

तारजोड्या, मिरज
मायक्रोस्विच उद्या आणतो, तो मुद्दा बरोबर आहे. आवाज मात्र काढणार नाही. "अतितप्त" काढून "तापली" केलंय, वडिलांच्याच आवाजात.