धुळीमुळेच सूर्यास्त रंगतो ना?

सांजखुळी:
गेले पंधरा दिवस रोज गच्चीवरून मावळतीचे फोटो काढतेय. हवेत धूळ असली की रंग खुलतात, असं लहानपणापासून ऐकलंय. माझ्या फोटोंत मात्र उलटंच! धुरकट दिवशी सूर्य मळक्या तांबड्या टिकलीसारखा, क्षितिजाला टेकायच्या आधीच विरून गेला. परवा दुपारी पाऊस पडून गेला, तर संध्याकाळी आकाश पेटलं होतं. असं का?

तिरपा किरण:
फोटो खरे, ऐकीव माहिती अर्धवट. तांबड्यासाठी धूळ लागत नाही, हवेचे रेणूच पुरतात. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ७०० च्या तांबड्यापेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. त्यात सूर्य क्षितिजावर असताना किरणांना डोक्यावरच्या मानाने साधारण ३८ पट हवा कापावी लागते, निळा वाटेतच गळतो. धुळीचे जाड कण रंग निवडत बसत नाहीत, सगळेच विखुरतात. म्हणून तो मळकटपणा.

कातरवेळ:
मग १८८३ चा क्राकाटोआ ज्वालामुखी? त्या उद्रेकानंतर कितीतरी महिने जगभर लालभडक सूर्यास्त दिसले होते की!

तिरपा किरण:
चांगली आठवण केलीत. ती आपल्या नाकातोंडात जाणारी धूळ नव्हे. ज्वालामुखीच्या गंधकवायूपासून बनलेले आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब ढगांच्याही वर, स्थितांबरात तरंगत राहतात. खाली अंधारलं तरी तिथे ऊन असतं. १९९१ च्या पिनाटुबोनंतरही हेच झालं. उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढगही असेच उशिरा पेटतात. सांजखुळी, तुम्ही सूर्य बुडाला की लगेच खाली उतरता का?

सांजखुळी:
हो, लगेच. डास! :)

कातरवेळ:
अहो, खरा खेळ तर त्यानंतरच. पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि मोबाईलचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, तो केशरी रंग परस्पर फिका करतो. माझा अख्खा एक अल्बम त्यात गेलाय.

सांजखुळी:
आज थांबले. पश्चिमेला शेंदरी, मग जांभळट. सहज मागे वळले तर पूर्वेला क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा आणि त्यावर गुलाबी झालर. निळा पट्टा हळूहळू वर चढत होता. तिकडे ढग तर एकही नव्हता!

तिरपा किरण:
ती पृथ्वीची सावली.