तेरेझिनचे संगीत आणि दयेच्या टाळ्या

आडवाताल: येथे परवा एकाने लिहिले की, ज्यूंना कोंडलेल्या तेरेझिन या चेक भूमीवरील छावणीतल्या संगीतकारांना नाझींनी मारले नसते तर त्यांच्या रचना आज कोणी वाजवल्या नसत्या, आणि अशा स्मृतिमैफलींत टाळ्या पडतात त्या संगीताला नव्हे, शोकाला. मी प्रागमध्ये राहतो आणि अशीच एक मैफल नुकतीच ऐकून आलो आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. पावेल हास हा चेक संगीतकार यानाचेकचा शिष्य. त्याचा ‘शार्लाटान’ हा ऑपेरा १९३८ साली ब्रनोच्या रंगमंचावर आला होता. व्हिक्टर उल्मान ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गकडे शिकलेला. ही माणसे छावणीत जाऊन संगीतकार झाली नाहीत. छावणीने त्यांचे चाललेले काम मोडले. गिडियन क्लाइनने व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीचे त्रिकूट ऑक्टोबर १९४४ मध्ये पुरे केले आणि नऊच दिवसांनी त्याला आउश्वित्झच्या गाडीत चढवले. त्यातला मोरावियन लोकगीतावरचा मधला भाग संपला, तेव्हा व्हायोलावाल्या बाईंनी गज खाली घेतलाच नाही आणि सभागृहात कोणी खोकलेदेखील नाही. ही दया होती काय?

मंद्रसप्तक: तो ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घेतले असते तरी चालले असते. मी बसलो होतो त्या मैफलीत निवेदकांनी प्रत्येक रचनेआधी रचनाकाराचा मृत्यू इतक्या तपशिलाने सांगितला की, पहिला स्वर उमटण्यापूर्वीच शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. त्यानंतर एखादी रचना सुमार आहे असे म्हणण्याची हिंमत कोण करील? हास यानाचेकशेजारी वाजवा, उल्मान शोनबर्गशेजारी वाजवा. ज्यांना एकदा कोंडले, त्यांना कार्यक्रमपत्रिकेतही एकत्र कोंडण्याचे कारण मला कळत नाही.

कोमलधैवत: निवेदन नको म्हणणाऱ्यांसाठी घरचा अनुभव सांगते. माझी मुलगी बालवृंदात हान्स क्रासाचा ‘ब्रुंडिबार’ हा मुलांचा ऑपेरा गायली. तेरेझिनमध्ये त्याचे ५५ प्रयोग झाले, आणि मुले पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत पाठवली जात राहिल्यामुळे गाणारे चेहरे सतत बदलत गेले, एवढेच तिला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले. रात्री तिने विचारले, ‘‘मग नव्या मुलाला शब्द कोण शिकवायचे?’’ हे ठाऊक नसते तर तिने ते गाणे मांजर-कुत्र्यांची गोष्ट म्हणून गायले असते आणि विसरली असती.

जुनारेडिओ: तुम्ही सगळे तेरेझिनपाशीच अडकला आहात. कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत उतरला, येथे त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली, मेहली मेहतांसारख्यांबरोबर वाजवले आणि आकाशवाणीत युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला. ज्या संकेतधुनीवर माझ्या वडिलांची दाढी आणि आमचा चहा व्हायचा, ती त्याची. अशा कार्यक्रमात त्याचे नाव मी तरी अजून ऐकलेले नाही.

मंद्रसप्तक: ती धून नक्की कोणाची, यावर वाद आहेत. शिवाय कॉफमन वाचला, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. वाचलेल्यांनाही यादीत घ्यायचे तर यादी संपणार कोठे?

जुनारेडिओ: ज्याचे घर, भाषा आणि श्रोते सुटले, त्याचा छळ झाला नाही असे तुम्ही कोणत्या वहीत लिहून ठेवले आहे? माणूस मेला तरच त्याचे संगीत ऐकायचे, हीच तर तुमची मूळ तक्रार होती. आता तीच अट तुम्ही स्वतः घालत आहात.

कोमलधैवत: हे मात्र बरोबर बोललात, जरी चहा आणि दाढी गाळली असती तरी चालले असते.

आडवाताल: वाचलेल्यांचा विषय निघालाच आहे, तर वाद्यवृंदसंचालक कारेल आंचेर्ल घ्या. हासची तंतुवाद्यांसाठीची रचना त्याने तेरेझिनमध्ये वाजवून घेतली; नाझींच्या प्रचारपटात हास त्या वादनानंतर वाकून अभिवादन करताना दिसतो. युद्धानंतर आंचेर्लला वाद्यांच्या सुट्या प्रती तेथेच सापडल्या, फक्त डबल बासची प्रत मिळाली नाही, आणि तो भाग पुढे संगीत-अभ्यासक लुबोमिर पेदुझ्झीने नव्याने बांधला. ती रचना ऐकताना खालचा स्वर कोणाचा आहे हे सांगायला निवेदक लागतोच. मात्र बारा मिनिटांचा नव्हे, हे मान्य.

मंद्रसप्तक: दोन वाक्यांचा निवेदक मी सहन करीन. डबल बासची गोष्ट मला माहीत नव्हती, हेही नोंदवून ठेवतो, म्हणजे तुम्हाला उद्या पुन्हा धागा काढावा लागणार नाही. क्लाइनचे त्रिकूट मात्र मी बेथोव्हेनच्या त्रिकुटाशेजारीच ऐकणार, आणि आवडले नाही तर तसे येथे लिहिणार.