कॉफी आणि डार्क चॉकलेट: आवडतं म्हणून खा ना, औषध म्हणून कशाला?

जायफळवाली:
मागच्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं. पालेभाजी रोज, अळीवाची खीर, गूळ-शेंगदाणे सगळं चालू, मग कमी का? डॉक्टरबाईंनी दोनचार गोष्टी विचारल्या आणि मग म्हणाल्या जेवल्यावर किती वेळाने चहा-कॉफी घेता. मी म्हटलं वेळाने कुठे, ताटावरून उठले की लगेच, आणि सोबत डार्क चॉकलेटचे दोन तुकडे, ८५ टक्केवाले, हार्टसाठी. त्या हसल्याच.

तर मुद्दा असा. आमच्या लहानपणी कॉफी म्हणजे पाहुणे आले की नाहीतर उपासाला, घट्ट दुधाची, वर जायफळ किसून. कपावर साय धरायची आणि ती कोणाच्या कपात जास्त आलीय यावरून आम्हा बहिणींची भांडणं. त्यात अँटिऑक्सिडंट किती हे कोणी बघत नव्हतं. आता दोन वर्षं मी काळी कॉफी पितेय, दूध नाही साखर नाही, आणि खरं सांगते मला ती आवडत नाही. चॉकलेटही नाही आवडत, जिभेवर ठेवलं की आधी मेण चघळल्यासारखं, मग कडू, मग घशाशी खडूची पूड बसल्यासारखं कोरडं. तरी खात होते कारण फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी टाकतंच की रोज दोन तुकडे खा, हार्ट अटॅक येणार नाही. म्हणजे मजेच्या गोष्टीचा काढा करून टाकला आपण, चवही गेली आणि गुण आला तो हा असा. माझं स्पष्ट मत, आवडत असेल तर प्या-खा, पण हेल्दी आहे म्हणून स्वतःची समजूत काढू नका. बोला.

डिकॉक्शन_माटुंगा:
ताई तुमच्या हिमोग्लोबिनचं वाईट वाटलं पण राग चुकीच्या माणसावर काढताय. कॉफीवर जेवढा अभ्यास झालाय तेवढा आपल्या पोह्यांवर पण झाला नसेल. २०१७ मध्ये संशोधकांनी दोनशेच्या वर मेटा-अॅनालिसिस, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या गोळाबेरजा, एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले, त्यात दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार, लिव्हरचे आजार, टाइप टू डायबिटीस सगळंच कमी दिसलं. एकेकाळी कॉफीने कॅन्सर होतो म्हणायचे, १९९१ ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेने तिला संशयितांच्या यादीत टाकलं होतं आणि २०१६ ला स्वतःच यादीतून काढलं. आता आवडीची गोष्ट चांगली पण निघाली तर त्यात आपण कानकोंडं का व्हायचं? आणि काळी प्या असं तुम्हाला सांगितलं कोणी? स्टीलचा फिल्टर आणा, रात्री डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) लावा, सकाळी उकळतं दूध घालून डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, खालीवर करा, मग बोलू.

चहाटळ:
आला माटुंगेकर. अहो काका डिकॉक्शन रात्री लावायचं, सकाळी दूध तापवायचं, खालीवर करायचं, तेवढ्यात आमचा दुसरा कप होतो. माझा ताईंना पाठिंबा. संशोधन म्हणाल तर २०१५ साली एका पत्रकाराने मुद्दाम फुसका प्रयोग केला होता, जॉन बोहॅनन नाव त्याचं, जेमतेम पंधरा माणसं घेतली आणि काढलं की चॉकलेटने वजन लवकर उतरतं. पैसे भरून जर्नलमध्ये छापून पण आलं आणि जगभरच्या पेपरांनी उचललं. नंतर त्यानेच सांगितलं की बाबांनो ही गंमत होती. आपल्या काकूंच्या ग्रुपवर तो खुलासा अजून पोचलेला नाही. चहा प्या, सुखी राहा, चहा कसले दावे करत नाही.

कंपाउंडर_नॉट_डॉक्टर:
चहाटळ, तुम्ही या धाग्यात चहाचं नाव काढायला नको होतं. लोहाच्या बाबतीत चहा कॉफीपेक्षा वाईट आहे. १९८३ चा जुना प्रयोग आहे, जेवणासोबत कॉफी दिली तर लोह शोषण ३९ टक्के घटलं, चहा दिला तर ६४ टक्के. आणि त्यातली खरी गंमत वेगळीच, जेवणाच्या तासभर आधी कॉफी घेतली तर काही फरक नाही पडला, पण जेवणानंतर तासाने घेतली तरी सोबत घेतल्याएवढंच नुकसान. कारण अन्न अजून पोटातच असतं, तुमचं वरून आलेलं पॉलिफेनॉल, म्हणजे चहा-कॉफीतलं एक द्रव्य, त्यातलं लोह धरून बसतं. आयसीएमआरने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको असं लिहिलंय, मी आमच्या दुकानात येणाऱ्या बायकांना नंतरचे दोन तास सांगतो.

ताई, तुम्ही शाकाहारी असाल तर हे जास्तच लागू, कारण भाजीतलंच लोह असं अडकतं, मटणातलं फारसं नाही. पण ९.४ फक्त कॉफीने होत नाही हो. पाळीत जास्त जातं का, बी१२ किती आहे हे बघितलं का? देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया आहे, त्या सगळ्या काय फिल्टर कॉफी पीत नाहीत.

जायफळवाली:
बी१२ पण काठावर आहे, इंजेक्शनं चालू केलीत. कॉफीनेच झालं असं मी म्हणतच नाहीये, पण दोन वर्षं जे तब्येतीसाठी म्हणून नाक मुरडत केलं त्याने त्यात भरच घातली, याचा राग येणारच ना?

बिनसाखरेचा:
मला हा धागा वाचून थोडा वैताग आला. मी ५२ चा, शुगर सात वर्षं. आमच्याकडे सणाला श्रीखंड, पुरणपोळी, कोणी आलं की पेढे, नाही म्हटलं की समोरच्याला अपमान वाटतो. मी ८५ टक्केवाल्या चॉकलेटचा एक चौकोन खातो, दहा ग्रॅम भरत असेल, जेवल्यावर नाही तर पाचच्या सुमारास, आणि माझी गोडाची भूक तिथे भागते. शंभर ग्रॅम पेढ्यात किती साखर आणि यात किती, बघा एकदा पाकिटामागे. तुम्हाला खडू लागतो तो मला आता लागत नाही, पहिले दोन महिने लागला. जीभ बदलते ताई. मग माझ्यासाठी हे औषध नाही तर काय आहे? गोळी नाही पण पथ्य तर आहे. आणि डार्क चॉकलेटमध्ये लोह पण चिक्कार असतं, शंभर ग्रॅमला ११-१२ मिलिग्रॅम.

कंपाउंडर_नॉट_डॉक्टर:
लोह असतं हे खरं पण त्याच कोकोतली पॉलिफेनॉल्स ते सोडत नाहीत. वहीत जमा, हातात काही नाही.

चहाटळ:
सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखं.

जायफळवाली:
बिनसाखरेचा दादा तुमचं पटलं बरं का, पेढ्याऐवजी चॉकलेट हे समजण्यासारखं आहे. पण ग्रुपवर येतं ते "पेढ्याऐवजी खा" असं नसतं ना, "खा" एवढंच असतं. आधीचं सगळं तसंच आणि वर हे दोन तुकडे. शंभर ग्रॅमला सहाशेच्या आसपास कॅलरी, ते कोणी लिहीत नाही.

आणि हार्टचं म्हणाल तर मी नंतर वाचत बसले. अमेरिकेत कॉसमॉस नावाची मोठी ट्रायल झाली, २१ हजार म्हातारी माणसं, २०२२ ला निकाल आला. त्यात रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल (कोकोतल्या पॉलिफेनॉलचाच एक प्रकार) दिलं, म्हणजे कॅप्सूल, चॉकलेट नाही, साखर-बिखर काही नाही. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून धरलं तर ठाम फरक निघाला नाही. हृदयविकाराने मृत्यू मात्र २७ टक्के कमी दिसले, पण तो त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि खर्चात हातभार कोणाचा तर मार्सचा, स्निकर्स बनवणारी मार्स. आता यातून "रोज दोन तुकडे" कसं निघतं सांगा.

बिनसाखरेचा:
२७ टक्के म्हणजे काहीच नाही का? औषध कंपनीच्या गोळीला एवढं आलं असतं तर पेपरात पहिल्या पानावर असतं.

कंपाउंडर_नॉट_डॉक्टर:
दादा मुख्य उत्तर नाही आलं की बाजूच्या उत्तरांमध्ये काहीतरी चांगलं सापडतंच, म्हणून ते पुन्हा तपासायचं असतं, लगेच नाचायचं नसतं. कोकोने रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, बीपी किंचित उतरतं, इथपर्यंत मी मान्य करतो. पण पाकिटावर डार्क लिहिलंय म्हणजे ते फ्लॅव्हनॉल आत आहे असं नाही. कडूपणा कमी करायला कोको अल्कलीने धुतात, डच प्रोसेस म्हणतात, रंग मस्त काळा होतो आणि फ्लॅव्हनॉल बरंचसं जातं. म्हणजे जितकं काळं तितकं चांगलं हे पण खोटं. मागे घटकांमध्ये पहिलं नाव साखर असेल तर सरळ गोळ्या-बिस्किटांच्या रांगेत ठेवा.

ड्रेस्डेनहून:
इकडून एक भर. मी राहतो त्या गावात १९०८ साली मेलिटा बेंट्झ नावाच्या बाईंनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली, तिथून कागदी फिल्टर आला. त्यांना फक्त तळाचा गाळ नको होता. पण नंतर कळलं की कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य असतं ते एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं आणि कागद ते जवळजवळ सगळं अडवतो. पातेल्यात उकळलेली किंवा फ्रेंच प्रेसची कॉफी असेल तर ते सरळ कपात येतं. माझं कोलेस्टेरॉल वाढलं होतं, मी प्रेस सोडून कागदावर आलो. माटुंगेकर काका, तुमच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये कागद नसतो बरं का.

डिकॉक्शन_माटुंगा:
झालं. आता फिल्टर पण काढून घ्या. आमच्याकडे तीन पिढ्या तोच पितळी फिल्टर आहे, स्टीलचा पण नाही. बाबा वयाच्या ८८ व्या वर्षी गेले तेही घसरून पडून.

ड्रेस्डेनहून:
काका मी सोडा म्हटलं नाही, एक-दोन कपांनी आभाळ कोसळत नाही. एलडीएल जास्त असेल आणि दिवसाला चार-पाच होत असतील तर बघा एवढंच. इन्स्टंटमध्ये ते नावापुरतंच असतं, पण ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

डिकॉक्शन_माटुंगा:
इन्स्टंटचं नाव घेतलंत, आता जर्मनीत आलो तरी तुमच्याकडे उतरणार नाही.

चहाटळ:
काकांच्या कॉफीत चिकोरी किती ते पण विचारा. पाकिटावर ५३-४७ लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास अर्धं मूळ भाजून घातलेलं, त्यात कॅफीन शून्य. काकांना वाटतंय आपण चार कप पितो, खरं तर दोनच होतात, वाचले.

सदाशिव_पेठ_पहाट:
मला कोणी हे सांगा, वेळेचं काय? २०२५ च्या जानेवारीत आलं होतं की फक्त सकाळी कॉफी पिणारे जास्त जगतात. मी संध्याकाळी सहाला पिते, ऑफिसातून आल्यावर, तोच माझा दिवसातला एकुलता एक निवांत कप आहे आणि मी तो सोडणार नाही हे आधीच सांगून ठेवते.

कंपाउंडर_नॉट_डॉक्टर:
तो अमेरिकेतला ४० हजार लोकांचा डेटा, सकाळी पिणाऱ्यांचे मृत्यू १६ टक्के कमी आणि दिवसभर पीत राहणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. पण दिवसभर कॉफी पिणारा माणूस बघा ना कोण असतो, नाइट शिफ्टवाला, झोप न झालेला, टेन्शनवाला. तब्येत कॉफीने गेली की त्या आयुष्याने, हे असल्या अभ्यासातून कळत नाही. माटुंगेकरांच्या २०१७ वाल्याला पण हेच लागू, दोन्हीकडे सारखी कात्री लावा.

तुमच्यापुरतं सांगतो, कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाला शंभर मिलिग्रॅम घेतलं तर अकराला पन्नास आत आहेच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी हळू, सिगरेट ओढणाऱ्यात भराभर. झोप लागत असेल तर प्या. लागत नसेल तर आधी तोच कप तपासा, मेलाटोनिन मागायला दुकानात नंतर या.

सदाशिव_पेठ_पहाट:
झोप साडेबाराला लागते. पण ते मोबाइलमुळे.

चहाटळ:
हो हो मोबाइलमुळेच.

बिनसाखरेचा:
एक राहिलं. २०२२ ला अमेरिकेतल्या ग्राहक मासिकाने २८ डार्क चॉकलेटं तपासली, २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम त्यांनी धरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. हे ताईंनी टाकायच्या आधी मीच टाकतो. कॅडमियम झाड जमिनीतून ओढतं आणि शिसं बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून बसतं. ती मर्यादा कॅलिफोर्नियाची होती, फार कडक, म्हणून दहा ग्रॅमवाल्याने मी घाबरलो नाही. पण नातवाला द्यायचं मात्र बंद केलं.

जायफळवाली:
दादा हे मला माहीतच नव्हतं, आता माझ्या बाजूचा मुद्दा तुम्हीच दिलात :)

बरं, माझं काय चाललंय ते सांगते. काळी कॉफी बंद. घरात उरलेले अडीच बार मुलीने ब्राउनीत घातले आणि त्या ब्राउनी चांगल्या झाल्या होत्या, साखर होती ना. कॉफी आता साडेचारला, दुधाची, जायफळाची, अर्धा चमचा साखर. जेवणानंतर लिंबू पिळलेलं ताक, ते व्हिटॅमिन सीने लोह चांगलं लागतं म्हणून. हो हसा, म्हणजे मी पण औषधच शोधतेय. सासूबाई म्हणाल्या ताकात कोणी लिंबू पिळतं का.

चहाटळ:
सासूबाईंना नमस्कार सांगा. लिंबू वरणात पिळा.

डिकॉक्शन_माटुंगा:
आणि जायफळ किती घालता?

जायफळवाली:
दोन कपाला किसणीवर तीन-चारदा फिरवायचं, बास. जास्त झालं की कडवट लागतं आणि झापड येते. गॅस बंद केल्यावरच घालायचं, उकळताना घातलं तर वास सगळा स्वयंपाकघरात आणि कपात काही नाही.

डिकॉक्शन_माटुंगा:
डिकॉक्शनमध्ये घालून बघतो उद्या. बाबांना आवडलं नसतं.